मंडळीबाहेरचे दाजी

दाजी,

तुम्हाला जाऊन पाच रविवार झाले. मी रविवारच मोजते, आणि एवढ्यावरूनही तुम्ही माझी फिरकी घेतली असती. "मास्तरीणबाई, सोमवार ते शनिवार देव रजेवर असतो का काय तुमचा?" मी चिडले की अक्काकडं बघून गालात हसला असता. अक्का माझी सख्खी बहीण, पण आपल्या भांडणात तिनं तुमचीही बाजू घेतली नाही आणि माझीही नाही. आवाज चढले की ती चहा ठेवायला उठायची.

तुम्ही तुळजापूरच्या एसटी वर्कशॉपात किती वर्षं काढली, रिटायर होऊन मुरुमला घर कधी बांधलं, चर्चमध्ये पेटी किती छान वाजवायचात, हे सगळं मातीच्या दिवशी अंगणात बोलून झालं. माझ्याकडं दुसरं आहे. जे तुमच्याशी बोलायचं होतं आणि बोलले नाही, ते आहे.

माझे मिस्टर गेले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. दुपारी शेतातून आले, खाटेवर टेकले आणि उठलेच नाहीत. तुम्ही तुळजापूरहून निघून आलात ते वर्कशॉपच्या खाकी कपड्यांवर, हाताला काळं ऑइल तसंच. तुम्ही रडला नाहीत, मला रडू नका म्हणालाही नाहीत. आल्या आल्या घागरी भरून ठेवल्या. त्यानंतर महिनाभर माझ्या घरात चूल पेटली नाही. रोज चर्चच्या मंडळीतल्या एका घरचा डबा यायचा. रोज संध्याकाळी दोन-चार माणसं यायची, एक गीत म्हणायची, प्रार्थना करायची आणि उठून जायची. कुणी उपदेश केला नाही. कुणाच्या घरचा डबा कुठल्या दिवशी, हे तुम्ही एका चिठ्ठीवर लिहून घरोघर फिरून ठरवलं होतं. मला ते कितीतरी वर्षांनी कळलं, तेही अक्काकडून.

पहिल्या रविवारी चर्चला जायचं माझ्यात बळ नव्हतं. देवावर राग होता, आणि राग आहे असं म्हणायची भीतीही होती. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. म्हणालात, "प्रार्थना करू नका. गाऊ बी नका. नुसतं येऊन बसा. तुमच्या वाटचं आमी गातो."

मी येऊन बसले. तुम्ही माझ्या वाटचं गायलात. ख्रिस्ती माणसाला मंडळी कशाला लागते, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. पुढं मी तुमच्याशी जी भांडत राहिले, ती तुमच्याकडूनच शिकलेली गोष्ट घेऊन.

मग रूथचं लग्न आलं.

तुमची एकुलती एक रूथ सोलापूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथंच नोकरीला असलेल्या महेशशी तिनं लग्न करायचं ठरवलं. महेश तामलवाडीचा, शेतकऱ्याच्या घरातला, हिंदू. तुम्ही तीन दिवस कुणाशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी अक्काला म्हणालात, "पोरगा चांगला हाय. उगं का अडवायचं?" लग्न कचेरीत झालं आणि जेवण तुमच्या अंगणात. जेवणाआधी तुम्ही दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत. महेशच्या वडिलांना आपली प्रार्थना काय माहीत असणार? पण तुम्ही डोळे मिटलेले पाहून त्यांनीही मिटले, आणि तुम्ही आमेन म्हणेपर्यंत उघडले नाहीत. मी त्यांच्याकडंच बघत होते.

पंधरा दिवसांनी पंचांची बैठक बसली. चर्चचे पाळकसाहेब उमरग्याहून मुद्दाम आले होते. आम्ही पंच सात जण, त्यातलीच मी चिटणीस. मुद्दा असा निघाला की मंडळीच्या वडीलमाणसानंच अशा लग्नावर हात ठेवला, तर उद्या कुणाला काय सांगायचं? सगळ्यात जास्त बोलल्या त्या सगुणाबाई, शाळेच्या वसतिगृहात भाकरी करणाऱ्या. म्हणाल्या, "आमच्या बी पोरी हायत. त्यांनी काय बघायचं?" तुमच्यावर ठराव झाला. शामुवेल यांनी मंडळीपुढं उभं राहून चूक कबूल करावी. तोवर त्यांनी प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस घेऊ नये आणि पेटीवर बसू नये.

पाळकसाहेब म्हणाले, मान्य असेल त्यांनी हात वर करा. सहा हात वर गेले.

माझ्या उजव्या हातात पेन होतं, दाजी. म्हणून मी हात वर केला नाही. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते की मी मत दिलंच नाही. पण नको असंही म्हणाले नाही. 'एकमताने मंजूर' असं खाली लिहिलं, आणि तुम्हाला द्यायचं पत्रही मीच लिहिलं. शाळेत फळ्यावर लिहायचे तसं, एकेक अक्षर सुटं, काना-मात्रेची एक चूक नाही.

त्या रविवारी तुम्ही नेहमीसारखे वेळेवर आलात. पेटीपाशी गेला नाहीत, मागच्या बाकावर बसलात. पहिलं गीत झाल्यावर पाळकसाहेबांनी तुमच्याकडं बघितलं, तसे उभे राहिलात. सगळ्यांना वाटलं, आता कबूल करणार. तुम्ही म्हणालात, "म्या दारू पिलो असतो, चोरी केली असती, तर हितं उभा राहून माफी मागितली असती. पोरीला जेवू घातलं त्याची माफी म्या मागत न्हाय." मग चप्पल घालून निघालात. दार आपटलं नाहीत. हलक्या हातानं ओढून घेतलंत, कारण बाहेर वारा होता आणि आत लेकरं झोपली होती.

संध्याकाळी मी तुमच्या घरी आले. काय बोलायचं ते वाटेत ठरवून आले होते. तुम्ही माझ्याकडं बघून एवढंच म्हणालात, "अक्षर छान हाय तुमचं, बाई."

नुसतं बाई. मास्तरीणबाई नाही. ठरवून आलेलं तसंच घेऊन मी परत फिरले.

त्यानंतरची आठ वर्षं आपण भांडत आलो. रविवारी दहा वाजता अक्का एकटी छत्री घेऊन चर्चला निघायची, आणि तुम्ही अंगणात खुर्ची टाकून मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायचात. कधी हिंदीतला उपदेश, कधी मराठीतला, कधी तर मल्याळी. एक अक्षर कळत नसताना ऐकायचात आणि म्हणायचात, "सूर लई चांगला हाय ह्यांचा." उपासना सुटली की मी अक्काबरोबर यायचे आणि आपली दुसरी उपासना सुरू व्हायची.

मी म्हणायचे, "हात तोडून बाजूला ठेवला तर तो अंगाचा राहतो का, दाजी?"

"तोडला कुनी, त्ये आधी इचारा."

"मोबाईल तुम्हाला आजारपणात पाणी देणार आहे का?"

"पानी द्यायला तुमची अक्का हाय. देव द्यायला देव हाय. मधी तुमी कोन?"

कोरोनात सगळी चर्चं बंद झाली. आम्ही सगळे घरात मोबाईल टेकवून बसलो, तेव्हा तुम्हाला कोण आनंद झाला! मला फोन करून म्हणालात, "काय मास्तरीणबाई, आलात का माझ्या मंडळीत?" मी फोन ठेवला. मग एकटीच हसले. एवढ्या भांडणांत तुम्ही मला परत मास्तरीणबाई म्हणायला कधी लागलात, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

एकदा मात्र मी माझं सगळ्यात मोठं शस्त्र काढलं. म्हणाले, "माझे मिस्टर गेले तेव्हा माझ्या घरी महिनाभर कोण आलं? मोबाईल आला होता का? मंडळी आली होती. तुम्ही आणली होती!"

तुम्ही मोबाईलचा आवाज बंद केलात. मग म्हणालात, "ती मंडळी होती, बाई. ही कमिटी हाय."

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, की दाजी, त्या कमिटीत मी होते. म्हणायला हवं होतं, चुकलं माझं. अक्का चहा घेऊन आली, आणि मी साखर जास्त झाली म्हणून तिच्यावरच घसरले.

गेल्या वर्षी तुमच्या फुप्फुसानं हात टेकले. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकाला नळी आली. लाईट गेली की अक्काचा जीव खालीवर व्हायचा. शेजारचे बसप्पा अण्णा एका दुपारी न बोलता स्वतःच्या घरचा इन्व्हर्टर काढून घेऊन आले, वायर जोडली आणि गेले. तुम्ही मला बोट दाखवून म्हणालात, "बघा. ही बी आलीच की मंडळी." मी वाद घातला नाही. तुम्हाला बोलताना दम लागायचा आणि मला जिंकायची लाज वाटायची.

आणि मग सगुणाबाई यायला लागल्या.

पहिल्या दिवशी त्या उंबऱ्यावरच बसल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. पदरानं घाम पुसला आणि एकदम गीत म्हणायला लागल्या. त्यांचा आवाज मोठा, आणि ताल म्हणजे एक पाऊल नेहमी मागं. पूर्वी चर्चमध्ये तुम्ही पेटीवरून त्यांच्याकडं डोळे वटारायचात, ते मला आठवलं. तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपला होतात. अक्का घाबरली, आता हे काय बोलतील. तुमचं एक बोट मात्र खाटेच्या लाकडावर वाजायला लागलं. टक, टक, टक. सगुणाबाईंनी ते ऐकलं आणि नेटानं तालात यायचा प्रयत्न केला. दुसऱ्या ओळीत परत मागं पडल्या.

त्या रोज येऊ लागल्या. वसतिगृहाची सकाळची भाकरी झाली की अकराच्या सुमाराला. आठवडाभरानं उंबऱ्यावरून आत आल्या, पंधरा दिवसांनी खाटेशेजारी बसायला लागल्या. तुम्ही अक्काला म्हणालात, "ही बाई तालात आल्याबिगर म्या मरत न्हाय." आठ वर्षांनी त्या घरात अक्का मोठ्यानं हसली.

मी तुम्हाला विचारलं होतं, "सगुणाबाईंनी माफी मागितली का हो?"

"न्हाय. तिनं मागितली न्हाय, म्या दिली न्हाय." मग नळी सारखी करत, थांबत थांबत म्हणालात, "पन येती रोज. मोबाईलवर समदे तालात गात्यात, मास्तरीणबाई. तिथं माझ्यावाचून कुनाचं अडत न्हाय."

मी लगेच म्हणाले, "मग चला ना या रविवारी! खुर्चीतून नेऊ आम्ही."

"झालं! लगीच तिकीट फाडता तुमी." आणि डोळे मिटलेत.

तुम्ही त्या रविवारी आला नाहीत. कधीच आला नाहीत. खरं तर त्या दुपारी तुम्ही माझंच म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं होतं. ज्याला आपली गरज आहे आणि जो आपल्याला नकोसा आहे, असा एकच माणूस रोज समोर येऊन बसतो, त्याला मंडळी म्हणतात. पण तुम्ही तुमच्या जागेवरून हलला नाहीत, आणि आता मला वाटतं, हलायला तुम्ही कशाला हवं होतं? हलायला आम्ही हवं होतं. आमच्यातल्या फक्त सगुणाबाई हलल्या.

शेवटच्या आठवड्यातली एक दुपार मला छळते. अक्का जरा आडवी झाली होती. मशीनचा आवाज चालू होता. आपण दोघंच होतो. मी तुमच्या पायाला तेल लावत होते. म्हणाले, "दाजी, ते पत्र." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. इतकं स्वच्छ बघितलंत की मला पुढचा शब्द सुचेना. मग तुम्ही म्हणालात, "पानी द्या जरा." मी पाणी आणलं, चमच्यानं पाजलं, तोंड पुसलं. तेवढ्यात रूथ सासरहून आली. मी उठून तिला जागा दिली. गुरुवारी सकाळी, चहाच्या वेळेला, तुम्ही गेलात.

तुम्ही मुद्दाम पाणी मागितलंत का? मला ते बोलायला लागू नये म्हणून? की नुसती तहान लागली होती? दोन्ही तुम्हाला शोभण्यासारखं आहे.

तुम्ही गेल्यावर अंगणात वाद झाला, आणि तो तुमच्या देहावरून झाला. अक्का म्हणाली, "एकदा त्यांना चर्चच्या आत न्या. मग मातीला न्या." पाळकसाहेब अवघडले. त्या रविवारनंतर सभासदांच्या वहीतून तुमचं नाव काढलं होतं. तरी ते म्हणाले, "नेऊ. मी बघतो काय ते." आणि रूथ पुढं आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "नको. जिथं बाबांना ताठ मानेनं उभं राहू दिलं नाही, तिथं त्यांना आडवं कशाला न्यायचं?"

अक्का एकीकडं, रूथ एकीकडं, आणि दोघी माझ्याकडं बघत होत्या. मी रूथला घरात नेलं, तुमच्या रिकाम्या खाटेपाशी. म्हणाले, "रूथ, बाबांना ते पत्र आलं होतं ना, ते मी लिहिलं होतं. मी एका शब्दानं अडवलं नाही."

ती म्हणाली, "माहीत आहे, मावशी. बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाले, अक्षर मावशीचं आहे, शब्द तिचे नाहीत. तिच्याशी वाकडं वागायचं नाही."

मी त्या खाटेवर बसले. माझ्यासाठी तुम्ही हे आठ वर्षांपूर्वीच बोलून ठेवलं होतं. शब्द माझे नव्हते म्हणालात, पण गप्प बसणं तर माझंच होतं ना, दाजी? तुम्ही मला जरा जास्तच माफ केलंत.

उपासना शेवटी अंगणातच झाली. रूथनं तिच्या आईचा हात धरून विचारलं, आणि अक्का हो म्हणाली. म्हणाली, "त्यांनी आठ वर्षं हितंच बसून देवाचं ऐकलं. हितंच होऊ द्या." मांडवात बाक चर्चमधून आले. मंडळी झाडून सगळी आली. तामलवाडीची माणसं आली, बसप्पा अण्णांचं घर आलं, तुळजापूरहून तुमचे वर्कशॉपातले सोबती आले. पेटी कुणी वाजवली नाही. सगुणाबाईंनी गीत उचललं, आणि जमलेल्या सगळ्यांनी, ज्यांना येत होतं त्यांनी आणि ज्यांना येत नव्हतं त्यांनीही, त्यांच्या तालावर गायलं.

तिसऱ्या आठवड्यात मी पंचांपुढं मुद्दा मांडला की तो जुना ठराव चुकीचा होता असं लिहावं. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आता त्याचा काय उपयोग, बाई? ते तर गेले." मी म्हणाले, "मी अजून आहे." दोघांना ते पटलं नाही, आणि त्यांनी तसं सांगितलं. बाकीच्यांनी हात वर केले, पहिला सगुणाबाईंनी. या वेळी पेन खाली ठेवून मीही केला.

त्यानं माझं मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. म्हणून परवाच्या रविवारी मी चर्चला गेलेच नाही. सकाळची गाडी धरली, सोलापूरला बदलली आणि तामलवाडीला रूथच्या घरी गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा.

रूथ दारातच थबकली. "मावशी! आज रविवार ना? उपासना नाही?"

"आहे की."

"मग?"

"तुझ्याकडं यायचं राहिलं होतं."

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. "मी चर्चला येणार नाही, मावशी. आधीच सांगते."

"मी न्यायला आले नाही."

तुम्ही असता तर म्हणाला असता, मास्तरीणबाई बदलल्या. तसं नाही हो. मला अजून वाटतं की माणसानं मंडळीत असावं. एकट्याचा विश्वास आपल्याच सोयीचा होत जातो, हे माझं मत तुम्ही मला बदलू दिलं नाहीत, शेवटी शेवटी तर घट्टच केलंत. फक्त ते दुसऱ्याला सांगायच्या आधी आपण त्याच्या घरी जाऊन आलोय का, हे आता मी बघते.

दुपारी पानं वाढली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी. महेश, त्याची आई, वडील, रूथची दोन लेकरं आणि मी. मी घास मोडायला हात पुढं केला, तर महेशच्या आईनं माझ्या मनगटाला हलकेच बोट लावलं. "थांबा ताई," त्या म्हणाल्या. "रूथचं व्हायचंय."

रूथनं डोळे मिटले आणि प्रार्थना केली. मोठ्यानं, तुमच्याच पद्धतीनं, अन्नासाठी आणि पिकवणाऱ्या हातांसाठी. सगळं घर हात आखडून थांबलं होतं. धाकटं लेकरूसुद्धा. रोजची सवय असावी तसं. ती आमेन म्हणाली आणि सासूनं तिला आधी भाजी वाढली.

आम्ही समजत होतो रूथ ख्रिस्ती विश्वासातून गेली. इथली ही प्रार्थना आम्हाला माहीत नव्हती, कारण आठ वर्षांत आमच्या पंचांतलं कुणी तिच्या घरी जेवायला बसलं नव्हतं.

संध्याकाळी ती मला गाडीवर बसवायला आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, "मावशी, इथं आपल्यातलं कुणीच नाही. मी एकटीच गाते. तू महिन्यातला एक रविवार येत जाशील?"

चिटणीस झाल्यापासून मी आजारपण सोडून एक उपासना चुकवलेली नव्हती, दाजी. तुम्हाला ते माहीत आहे.

मी हो म्हणाले. पंचांना विचारून सांगते, असं म्हणाले नाही.